रिकामं केलेलं रान

नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोब्याची एक तरुण वाघीण चांदोलीला आली. गळ्यात रेडिओ कॉलर, सोबत डॉक्टर आणि वन विभागाची माणसं, विदर्भातून निघून अख्खा महाराष्ट्र आडवा पार करत सह्याद्रीच्या माथ्यापर्यंतचा प्रवास. आधी तिला सोनार्लीच्या कुंपणात ठेवलं, मग रान खुलं केलं. तिकडे तिला 'चंदा' म्हणत, इकडे ती 'तारा' झाली. शिराळ्याच्या बाजारात, एसटीत, दूध डेअरीच्या रांगेत लोक तिच्याबद्दलच बोलत होते. मला आनंद झाला. सह्याद्रीत वाघीण फिरते आहे हे नुसतं माहीत असणंही माझ्यासारखीला पुष्कळ आहे.

पण त्या दिवसापासून एक प्रश्न डोक्यातून जात नाही. चांदोली अभयारण्य झालं १९८५ साली. २००४ मध्ये त्याचं राष्ट्रीय उद्यान झालं. २०१० मध्ये कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. आतली गावं उठली, शेतं पडीक झाली, वाटा मोडल्या, फाटकं बसली. एवढं सगळं होऊनही इथे वाघीण बाहेरून का आणावी लागली?

ज्यांनी हा भाग पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. सांगली म्हटलं की लोकांना हळद, द्राक्षं आणि ऊस आठवतो, नाहीतर जत-आटपाडीचा दुष्काळ. याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला असं रान आहे की जिथे पावसाळ्यात महिनोन्‌महिने कपडे वाळत नाहीत. उद्यानाचं क्षेत्र ३१७.६७ चौरस किलोमीटर, आणि ते सांगली, सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी अशा चार जिल्ह्यांत पसरलेलं. उत्तरेला कोयना अभयारण्य, ४२३.५५ चौरस किलोमीटरचं. दोघांच्या मधे हेळवाकचा पट्टा आणि कुंभार्ली घाटाचा रस्ता. बफर, म्हणजे गाभ्याभोवतीचा पट्टा, धरून व्याघ्र प्रकल्पाचा पसारा ११६५ चौरस किलोमीटरच्या घरात जातो. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यात कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी ही आपली चार ठिकाणं आहेत.

वारणेचा उगम याच रानात. चांदोली धरणाचा वसंतसागर ३४.४० टीएमसीचा, कोयनेचा शिवसागर १०५ टीएमसीचा. कोयना कराडला कृष्णेला मिळते, वारणा हरिपूरला. म्हणजे या दोन्ही रानांत पडलेला पाऊस शेवटी सांगलीच्या घाटाला लागून पुढे जातो. २००५, २०१९, २०२१ या तिन्ही महापुरांत आम्ही धरणांचे आकडे रात्र रात्र जागून ऐकले. विसर्ग किती क्युसेकने वाढला, फुटांची पातळी कुठे गेली, आयर्विन पुलापाशी पाणी कुठवर आलं. धरणाच्या वर जे रान आहे त्याचं काय चाललंय, हे मात्र त्या रात्री कुणी विचारलं नाही. मीही नाही.

माझ्या आत्याचं सासर या रानात होतं. आधी धरणाचं पाणी, मग अभयारण्याचा शिक्का, आणि एकेक करत गावं खाली उतरली. आत्या वाळवा तालुक्यातल्या एका वसाहतीत आली, सरळ रेषेत आखलेल्या प्लॉटवर, चहूकडून उसाने वेढलेल्या जागी. अजून तिला तिथली हवा मानवत नाही. उन्हाळ्यात ती म्हणते, "इथं झाडाखाली बसलं तरी सावली गरम लागती."

वाघीण आल्याची बातमी मीच तिला फोनवर सांगितली. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "येऊ दे की. आमच्या टायमाला बी व्हता. सासरं सांगायचं, सड्यावर गुरं राखताना दोनदा बघितलाय म्हणून. पर पोरी, खायाला हाय का तिला तिथं? आमी व्हतो तवा सड्यावर गुडघ्याएवढं गवात असायचं. गवं खाचरात यायचं, रातभर माळ्यावर बसून राखण कराय लागायची. आता समदं झुडपानं भरलंय म्हणं."

सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं कातळाचं पठार. तिथे झुडपं माजल्याचं तिला कुणी सांगितलं? तिच्या दिराच्या मुलाने. तो दर वर्षी गावच्या देवाला नारळ ठेवायला परवानगी काढून आत जातो. गावठाण ओळखायची त्याची खूण म्हणजे एक आंबा आणि देवळाचा चौथरा. गेल्या खेपेला त्याला चौथऱ्यापर्यंत पोचायला कोयत्याने वाट करावी लागली.

आत्या शाळेत गेलेली नाही. पण तिने जे विचारलं तोच या उद्यानापुढचा सगळ्यात मोठा प्रश्न आहे.

चांदोलीत गावं होती तेव्हा प्रत्येक गावाभोवती मोकळी जमीन होती. भाताची खाचरं, उतारावर नाचणी आणि वरीची कुमरी म्हणजे फिरती शेती, गुरांची कुरणं. गावं उठल्यावर पहिली काही वर्षं या जागांवर गवत माजलं आणि गव्यांचे कळप तिथे मनसोक्त चरू लागले. त्या काळात आत गेलेले लोक अजून ते सांगतात. मग त्या गवतात तोरण आलं, कारवी आली, रानमोडी आली. इथला पाऊस असा की मोकळी जागा फार दिवस मोकळी राहत नाही. एक पिढी सरेपर्यंत खाचरांचे बांधसुद्धा झाडोऱ्यात हरवले. घनदाट हिरवं दिसतं, फोटोत सुरेख येतं, पण त्या हिरव्यात गव्याच्या आणि सांबराच्या तोंडाला लागेल असं फारसं काही उरत नाही. आणि सांबर, गवा नसेल तर वाघ कशावर राहणार? वाघाला साधारण आठवड्याला एक मोठी शिकार लागते. म्हणजे एका वाघामागे वर्षाला पन्नासेक जनावरं, आणि ती जाऊनही कळप टिकायला हवा.

गावं होती म्हणून रान चांगलं होतं, असं मी म्हणत नाही. आत्याही म्हणत नाही. वाघरं म्हणजे जाळी लावून डुकरं धरली जायची, ठासणीच्या बंदुका होत्या, उन्हाळ्यात सडे पेटवले जायचे. भाताच्या रोपासाठी राब भाजायला झाडांचं कवळ, म्हणजे पाल्याच्या फांद्या, तोडलं जायचं. गावं गेल्यावर गवा वाढला, कोळसुंद्यांच्या म्हणजे रानकुत्र्यांच्या टोळ्या निर्धास्त झाल्या, शेकरू आणि धनेश यांना जुनी झाडं मिळाली. हे सगळं खरं आहे. खटकतं ते वेगळंच. माणूस काढून घेतला की रान आपलं आपण पूर्वीसारखं होईल, असं आपण धरून चाललो. शेकडो वर्षं ज्या जमिनीवर कुणीतरी नांगर फिरवला, गुरं चारली, विस्तव लावला, त्या जमिनीला तिच्यापुरतं सोडून दिलं तर ती तिच्या मर्जीने वाढते, आपल्या नकाशाप्रमाणे नाही. रिकामं केलेलं रान सांभाळावं लागतं, आणि त्या कामाला माणसंच लागतात.

वन विभागाने हे आता मान्य केलं आहे. जुन्या गावठाणांच्या जागी झुडपं काढून कुरणं केली जात आहेत, पाणवठे केले जात आहेत. बाहेरून चितळंही आणली जात आहेत. यात आमच्या जिल्ह्यातली एक गोष्ट अशी आहे की ती मला फार भावते. कृष्णाकाठचं सागरेश्वर अभयारण्य. उघड्याबोडक्या डोंगरावर धों. म. मोहिते यांनी ध्यास घेऊन झाडं लावली, हरणं सोडली, कुंपण घातलं. जेमतेम ११ चौरस किलोमीटरचं हे माणसाने उभं केलेलं रान. तिथे हरणं इतकी वाढली की ती आसपासच्या शेतात उतरू लागली, आणि आता तिथली जास्तीची हरणं सह्याद्रीत हलवली जातात. एका माणसाच्या हट्टातून उभं राहिलेलं रान जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाच्या राष्ट्रीय उद्यानाला खाद्य पुरवतं.

तरीही चितळ हे घाटमाथ्याचं जनावर नाही. त्याला मोकळं, कोरडं रान लागतं. इथल्या जुलै-ऑगस्टच्या धुक्यात आणि चिखलात चितळ किती टिकेल याची मला शंका वाटते. या रानाची खरी जनावरं म्हणजे गवा, सांबर, भेकर, रानडुक्कर आणि तो इवलासा गेळा, म्हणजे पिसोरी हरीण. ती वाढली तरच वाघ राहील. त्यासाठी कुरण एकदा साफ करून भागत नाही, दर वर्षी हात लावावा लागतो. पावसाळा संपला की रानमोडी फुलायच्या आत उपटायची, कारवीचं पाऊल पुढे पडू द्यायचं नाही, आणि कुठलं खाचर कुठवर होतं, कुठल्या झऱ्याला मे महिन्यातही पाणी असतं हे ठाऊक असायला हवं. हे ठाऊक असलेली माणसं वसाहतीत बसून आहेत.

आता पुन्हा वाघिणीकडे. नर वाघ इथे अधूनमधून येत होते. मे २०१८ मध्ये चांदोलीत कॅमेरा ट्रॅपमध्ये वाघ आला तेव्हा प्रकल्प होऊन आठ वर्षं झाली होती. मग डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा एक नर दिसला. तोच वाघ एप्रिल २०२२ मध्ये राधानगरीत टिपला गेला होता, अंगावरच्या पट्ट्यांवरून ओळख पटली. राधानगरी ते चांदोली डोंगराच्या धारेने शंभर किलोमीटरच्या आसपास अंतर. तेवढं चालत तो आला. वाटेत रस्ते होते, गावं होती, उसाचे फड होते, खाणींचे खड्डे होते, आणि तो कुणाला न दिसता आला. मला हे वाचून त्या जनावराचं फार अप्रूप वाटलं होतं.

वाघाचा नर तरुण झाला की हद्द शोधत लांब जातो. मादी सहसा आईच्या हद्दीच्या आसपासच आपली जागा करते. म्हणून नर चांदोलीपर्यंत पोचतात, माद्या पोचत नाहीत. मादी नाही म्हणून इथे वाघांची वीण होत नव्हती. दक्षिणेकडे वाघांची वीण असलेलं जवळचं रान म्हणजे कर्नाटकातला काळी व्याघ्र प्रकल्प, आणि त्याला लागून गोव्याचं म्हादई, आपलं तिलारी. जानेवारी २०२० मध्ये म्हादईत एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषाने मेले. तिथल्या एका मेलेल्या वाघिणीचा हिशेब सांगलीच्या डोंगरात लागतो. जुलै २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने म्हादईला व्याघ्र प्रकल्प जाहीर करायचा आदेश दिला, तेव्हा ती बातमी मी आमच्याच घरची असल्यासारखी वाचली होती.

ताडोबा आणि पेंच इथून एकूण आठ वाघ आणायला परवानगी मिळाली आहे, त्यात तीन नर आणि पाच माद्या. हा उपाय बरोबर आहे असं मला वाटतं. माद्या चालत यायची वाट बघत बसलो तर अजून एक पिढी जाईल. पण आणलेल्या वाघांना पिल्लं झाली, ती मोठी झाली, तर ती जाणार कुठे? सहाशे चौरस किलोमीटरच्या गाभ्यात किती मावतील? ती दक्षिणेला राधानगरी-तिलारीकडे जातील नाहीतर उत्तरेला कोयनेतून महाबळेश्वरच्या दिशेने. म्हणजे या उद्यानाचं भवितव्य ठरतं ते उद्यानाच्या हद्दीबाहेर, घाटमाथ्याच्या त्या अरुंद पट्टीवर.

कोल्हापूर जिल्ह्यात विशाळगड, पन्हाळा, गगनबावडा, चंदगड, आजरा-भुदरगड, आणि आपल्या साताऱ्यात जोर-जांभळी अशी संवर्धन राखीव क्षेत्रं गेल्या काही वर्षांत जाहीर झाली. कागदावर माळ चांगली जमली आहे. पण या पट्टीवर सरकारी जमिनीइतकीच खासगी मालकीची जमीन आहे. कोकणच्या बाजूने संगमेश्वर, चिपळूणकडच्या खासगी रानांत परवाना काढून सरसकट तोड होते, भट्ट्यांना आणि बॉयलरला लाकूड जातं. प्रचितगडावर उभं राहिलं की एका अंगाला राष्ट्रीय उद्यानाची गच्च झाडी आणि दुसऱ्या अंगाला खाली शृंगारपूरच्या दिशेने टक्कल पडलेले उतार. शेकरूला आणि धनेशाला हद्दीचा दगड कळत नाही. तोड करणाऱ्यालाही मी सरसकट दोष देणार नाही, कारण मुंबईत नोकरी नसलेल्या घराला डोंगरातल्या मालकीच्या झाडांतून जे मिळतं ते दुसरीकडून मिळत नाही. झाड उभं ठेवण्याचे पैसे कुणी देत नाही, तोडायचे मिळतात.

आंबा घाटाकडे जाणारा रत्नागिरी-कोल्हापूर महामार्ग चौपदरी होतो आहे. पाटण-साताऱ्याच्या सड्यांवर, वनकुसवडे, चाळकेवाडी, सडावाघापूर इथे पवनचक्क्यांच्या रांगा कधीच्याच आल्या. पवनचक्की धूर सोडत नाही, पण ती उभी करायला सड्यावर रस्ता लागतो आणि सडा एकदा खरवडला की पुन्हा होत नाही. सडा म्हणजे ओसाड कातळ अशी एक समजूत आहे. सरकारी दप्तरातही त्याची नोंद पडीक म्हणूनच असते. पावसाळ्यात त्या कातळावरच्या बोटभर मातीत आणि ओंजळभर पाण्यात जे जगतं ते जगात दुसरीकडे नाही. कोयना टोड नावाचा एक लहानसा भेक आहे, त्याची शास्त्रीय नोंद झाली ती १९६३ मध्ये, म्हणजे धरण उभं राहत होतं त्याच सुमारास. पाऊस पडला की कातळावरच्या डबक्यात त्याची अंडी दिसतात. डबकं वाळायच्या आत त्याचं बालपण उरकावं लागतं. त्या डबक्यावरून डंपर गेला की गोष्ट संपली.

साताऱ्याच्या बाजूने अलीकडे सगळ्यात जास्त काळजी वाटते ती 'नवीन महाबळेश्वर' या थंड हवेच्या ठिकाणाच्या सरकारी प्रकल्पाची. २०१९ मध्ये सातारा, पाटण, जावळी तालुक्यांतली २३५ गावं या प्रकल्पात घेतली, पुढे आणखी गावं जोडायचं ठरलं. ही गावं कुठली? शिवसागराच्या दोन्ही काठांची, कासच्या आजूबाजूची, बफरमधली. इथल्या तरुणाला गावातच काम मिळावं ही इच्छा अगदी रास्त आहे. बामणोलीत होड्या चालवणाऱ्या, वासोट्याला ट्रेकर घेऊन जाणाऱ्या मुलांची घरं पर्यटनावर चालतात, आणि ती मुलं रानाची काळजीही घेतात. पण थंड हवेचं दुसरं ठिकाण उभारायचं म्हणजे होड्या आणि घरगुती जेवण एवढ्यावर थांबत नाही. उतार कापून रस्ते, माथ्यावर रिसॉर्ट, आणि त्याआधीच बाहेरच्यांनी घेतलेल्या जमिनी. एकदा जमीन गेली की गावातला पोरगा त्याच जमिनीवर वॉचमन होतो.

उतार कापण्याबद्दल तर आपल्याला वेगळं सांगायला नको. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर आणि मिरगावला डोंगर खाली आला. त्या आठवड्यात इकडे सांगलीत आम्ही पुराच्या पाण्यात होतो, आणि तिकडे चिखलाखालून माणसं काढली जात होती. एकाच पावसाने दोन्हीकडे माणसं हवालदिल केली. पश्चिम घाट कसा राखावा यासाठी नेमलेल्या गाडगीळ समितीचा अहवाल २०११ चा, कस्तुरीरंगन समितीचा २०१३ चा. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राची प्रारूप अधिसूचना २०१४ पासून पुन्हा पुन्हा निघते, सहावी निघाली ती ३१ जुलै २०२४ ला. अंतिम अधिसूचनेपर्यंत काही गाडी जात नाही. प्रत्येक वेळी गावोगाव एकच भीती पसरवली जाते की आता तुम्हाला घराला वीटसुद्धा लावता येणार नाही. आणि गावंही विश्वास ठेवतात, कारण त्यांनी चांदोली आणि कोयना पाहिलेली आहे. अधिसूचना आली की गाव उठतं, हा त्यांचा अनुभव आहे.

या अविश्वासाचं काय करायचं, याचा विचार संवर्धनवाल्या मंडळींनी फार कमी केला असं मला वाटतं. कोयना धरण साठच्या दशकात पुरं झालं. त्याच्या पाण्याने आणि विजेने अर्ध्या महाराष्ट्राचे कारखाने चालले. धरणग्रस्तांची नातवंडं अजून जमिनीसाठी ठिय्या देऊन बसतात. चांदोलीच्या अभयारण्यग्रस्तांचंही तेच. श्रमिक मुक्ती दलाच्या झेंड्याखाली, डॉ. भारत पाटणकरांच्या नेतृत्वाखाली ही माणसं वर्षानुवर्षं रस्त्यावर उतरली म्हणून जे काही पदरात पडलं ते पडलं. माझ्या आत्याच्या घरी जमीन मिळाली, पण ती खडकाळ, आणि बरीच वर्षं पाण्याची सोय नव्हती. सातबाऱ्यावर नाव चढायला सासरे गेले तरी पत्ता नव्हता. कचेरीतला कारकून दर वेळी नवा कागद मागायचा. दीर एकदा वैतागून म्हणाला होता, "जनावरासाठी आमाला उठवलं, त्या जनावराच्या फायलीला तरी एवढा वेळ लागत न्हाई."

तो वाघाच्या विरोधात नाही. त्याच्या घराच्या माळवदाखाली अजून वाघोबाच्या नावाचा नैवेद्य निघतो. पण त्याला त्या रानाशी कुणी जोडून घेतलेलं नाही.

आणि अजून काही गावं आत आहेतच. पाटण तालुक्यातलं पाथरपुंज, मळे, कोळणे. पाथरपुंजच्या पर्जन्यमापकाने अलीकडच्या वर्षांत नवजा आणि महाबळेश्वरलाही मागे टाकलं, त्यामुळे पेपरात नाव येतं ते पावसामुळे. त्या पावसात तिथली माणसं कशी राहतात याची बातमी होत नाही. रस्ता धड नाही, दवाखाना लांब, आणि पुनर्वसन होणार म्हणून नवीन कामं मंजूर होत नाहीत. पुनर्वसन रेंगाळतं, कामंही रेंगाळतात, आणि आजारी माणूस डालात घालून खाली आणावा लागतो. केंद्राने व्याघ्र प्रकल्पातून स्वेच्छेने उठणाऱ्या कुटुंबासाठी १० लाखांची रक्कम १५ लाख केली. आजच्या बाजारभावाने त्यात वाळव्यात किती गुंठे येतात हे कुणीही सांगेल. जायचं तर नीट जाऊ द्या, राहायचं तर नीट राहू द्या, एवढंच त्यांचं म्हणणं आहे. हे म्हणणं सोडवलं नाही तर बफरमधलं प्रत्येक गाव रानाकडे संशयाने पाहणार.

हा संशय दिसतो तो वणव्यात. फेब्रुवारी उजाडला की सडे पेटायला लागतात. काही आगी निष्काळजीपणाच्या, काही नव्या गवताच्या आशेने लावलेल्या, काही निव्वळ रागाच्या. आग खालून वर चढते, वाऱ्याने धार ओलांडते, आणि वनरक्षक चार मजुरांना घेऊन झाडाच्या फांद्यांनी ती झोडपत बसतो. मी ही माणसं पाहिली आहेत. तळपायाला फोड आलेले, डोळे लाल, पाण्याची बाटली संपलेली, आणि फोनला रेंज नाही. पावसाळ्यात हेच लोक संरक्षण कुटीत जळवा उपटत, ओल्या लाकडांवर भात शिजवत गस्त घालतात. एका बीटाचं, म्हणजे एका वनरक्षकाच्या हद्दीचं, क्षेत्र एवढं की एका दिवसात एक टोक गाठणंही होत नाही. या रानात वाघ येवो न येवो, जे काही टिकलं आहे ते या माणसांच्या पायांवर टिकलं आहे. त्यातले कित्येक रोजंदारीवर आहेत आणि पगार थकतात.

आत्याचा पुतण्या दोन हंगाम असाच रोजंदारीवर जाळरेषा, म्हणजे वणवा अडवायचे मोकळे पट्टे, काढायला गेला होता. त्याने दाखवलेल्या जागी एक जुना पाण्याचा झरा सापडला, दगड काढल्यावर वाहता झाला. तिथल्या वनपालांनी त्याची पाठ थोपटली. पण पुढच्या हंगामात मजुरांचा ठेका बाहेरच्या माणसाला गेला आणि याला कुणी बोलावलं नाही. तो आता कारखान्याच्या ऊसतोडीच्या टोळीवर मुकादमाचा मदतनीस आहे. त्याच उसात बिबट्याची मादी व्याली तर बछडी टोपलीत ठेवून, बाकीच्यांना लांब करून, संध्याकाळी आई येऊन नेईपर्यंत राखण करतो. त्याला हे कुणी शिकवलेलं नाही.

वन विभागाकडे माझं मागणं साधं आहे. चांदोलीतल्या जुन्या गावठाणांची कुरणं राखायचं काम त्या त्या गावच्या वसाहतीला द्या, वर्षाचं, कायमचं, नीट मजुरीचं. कुठलं खाचर, कुठला झरा, कुठली देवराई याची नोंद म्हाताऱ्या माणसांकडून आत्ताच करून घ्या. आत्या सत्तरी ओलांडून गेली, तिच्या बरोबरीच्या बायका एकेक करून जात आहेत. वनरक्षकांच्या भरतीत अभयारण्यग्रस्तांच्या मुलांना खरोखर जागा मिळतात का हे कुणीतरी तपासा. आणि सातबाऱ्याच्या फायली वाघांच्या गाडीच्या आधी हलू द्या.

येत्या जानेवारीत वसाहतीची ग्रामसभा आहे. पुतण्याने अर्ज लिहून द्यायला सांगितलं आहे, जाळरेषेच्या कामाला या वर्षी वसाहतीतली वीस पोरं घ्यावीत म्हणून. नावांची यादी त्याच्याकडे तयार आहे. मी अर्ज लिहिणार आहे, आणि त्याच्याबरोबर वन कार्यालयातही जाणार आहे.